भाऊ-बहीण गेल्यावर भजनाला बसताना

भाऊ किंवा बहीण गेल्यावर भेटायला येणारा माणूस आधी विचारतो, "आई कशी आहे?" मग वहिनीची चौकशी होते, मुलांच्या शिक्षणाचा विषय निघतो. निघताना पाठीवर हात ठेवून सांगतात, "आता तूच सगळ्यांना सांभाळायचंस." यात कुणाचं काही चुकतं असं नाही. आईचं दुःख मोठंच असतं, आणि वहिनीपुढे अख्खं आयुष्य उभं असतं. पण ज्याच्याशी एका पांघरुणासाठी भांडलो, ज्याला आपलं लहानपण आपल्याइतकंच ठाऊक होतं, तो गेल्यावर आपलं काय झालं हे विचारायचं राहून जातं. मृत्यूचा दाखला काढणं, बँकेतले वारसाचे कागद, दहाव्याला किती पानं धरायची हे ठरवणं, अशी सगळी धावपळ भावंडाकडे येते, आणि त्या धावपळीत रडायला उसंत मिळत नाही. लग्न झालेल्या बहिणीला तर माहेरचं सूतकही कमी दिवसांचं धरतात. ते संपलं की तिनं सासरी रोजच्या कामाला लागावं, असं सगळे धरून चालतात.

हा लेख अशा भावंडांसाठी आहे. त्यातही जे कधी ना कधी भजनाला बसले आहेत, किंवा ज्यांच्या आळीत, वाडीत, सोसायटीत एखादं भजनी मंडळ आहे, त्यांच्यासाठी. घरात ज्या दुःखाला जागा मिळत नाही त्याला भजनात मिळते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. मात्र कधी जायचं, कुठे बसायचं, काय म्हणायचं आणि काय तूर्त टाळायचं याचा थोडा विचार करावा लागतो. घाईनं पुढे बसवलेली माणसं एका अभंगात कोलमडतात आणि पुन्हा भजनाकडे फिरकत नाहीत, हेही मी पाहिलं आहे.

रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे

सांत्वनाला येणारे बोलून जातात: आत्मा अमर आहे, देवाला चांगली माणसं लवकर लागतात, मागच्या जन्मीचं देणं फिटलं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटू लागतं की आपण रडतो म्हणजे आपली भक्ती कच्ची. हे ओझं आधी उतरवायला हवं, कारण ते घेऊन भजनाला बसलं की गळ्यातून आवाज निघत नाही.

वारकरी परंपरेचा पायाच भावंडांच्या एका घरात रचला गेला आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. पाठोपाठ मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले. वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई गेली. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांनी देह ठेवला. म्हणजे कार्तिक ते वैशाख एवढ्या काळात थोरल्या भावानं पाठची तिन्ही भावंडं जाताना पाहिली. आणि हा थोरला भाऊ ज्ञानेश्वरांचा गुरूही होता. शिष्याला ज्ञान देणारा तोच. तरीही नामदेवांच्या समाधीच्या अभंगांमध्ये निवृत्तिनाथांचा धीर सुटलेला दिसतो, त्यांचा शोक आवरत नाही. त्यावरून निवृत्तिनाथांचं ज्ञान अपुरं होतं असं सातशे वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. आजही आळंदीच्या समाधी सोहळ्यात नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं, समाधीचा प्रसंग सांगितला जातो आणि ऐकणारे डोळे पुसत असतात.

दुसरं उदाहरण देहूचं. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. मागे धाकटा भाऊ कान्होबा राहिला. त्याचे अभंग तुकोबांच्या गाथेतच छापलेले असतात, पण भजनात ते फारसे म्हटले जात नाहीत आणि बऱ्याच वाचकांचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही. भावंड गमावलेल्या प्रत्येकानं ते शोधून वाचावेत असं मला मनापासून वाटतं. कान्होबा तिथं देवाशी सरळ भांडतो. त्याला दटावतो, धमकावतो. मोक्षाचं, ब्रह्मज्ञानाचं बोलणं त्याला नको आहे. त्याला भाऊ परत हवा आहे. एवढा संताप, आणि तो ज्या ग्रंथाची पारायणं होतात त्याच ग्रंथात साडेतीनशेहून अधिक वर्षं बसलेला आहे. कुणी तो काढून टाकला नाही.

तेव्हा विठ्ठलावर राग आला आहे म्हणून भजन सोडण्याचं कारण नाही. श्रद्धा उरली आहे की नाही याचा पत्ता लागत नसेल तरी चालेल. मंडळात कुणी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही. तिथं ताल सुटू नये एवढंच बघतात. मन लागत नसताना "माझा विश्वास आहे" असं स्वतःला बजावत बसू नका. हातात टाळ घ्या आणि सोबत बसा. विश्वासाचं काय व्हायचं ते पुढे होईल.

बहिणींसाठी आणखी एक ठेवा आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावाइतकी जागा क्वचितच दुसऱ्या कुणाला मिळाली असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात भावाची वाट पाहणं आहे, त्याचं कौतुक आहे, रुसवा आहे, शोकही आहे. तुमच्या आईला, मावशीला, आत्याला अशा ओव्या येत असतील तर दुपारच्या वेळी त्यांच्याजवळ बसून म्हणायला सांगा. जातं नसलं तरी चालतं.

पहिल्यांदा जाताना

पहिल्या दिवसांत मंडळ तुमच्या घरी येत असेल तर तुम्ही फक्त बसा. अनेक गावांत दहाव्यापर्यंत रोज रात्री भजन होतं. घरच्यांनी गायचं की नाही यावर प्रत्येक घराची रीत वेगळी असते. नामाला सूतक नाही असं वारकरी मानतात. घरातल्या मोठ्यांना ते पटत नसेल तर त्या दिवसांत त्यावरून वाद घालू नका. म्हणावंसं वाटलं तर मनातल्या मनात म्हणा.

नंतर स्वतःहून जायचं ठरवाल तेव्हा सुरुवात हरिपाठानं करा. हे मी ठामपणे सांगतो. ज्ञानदेवांचा हरिपाठ २८ अभंगांचा. त्याचा क्रम ठरलेला, चाल ठरलेली, आणि सगळे तो एकत्र म्हणतात. तिथं कुणी एकटा गायक नसतो आणि समोर श्रोतेही नसतात. पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे एखादी ओळ अचानक काळजात घुसण्याची शक्यता कमी. शिवाय उभं राहून पावल्या खेळल्या की अंग हलतं. दुःखात शरीर जड होऊन एका जागी बसून राहतं. त्याला हलवायला हरिपाठासारखं साधन नाही. संध्याकाळची वेळही बरोबर असते, कारण दिवेलागणीलाच घर खायला उठतं.

संगीत भजनाला नंतर जा. तिथं पेटी असते, तबला असतो, बुवा असतात, ताना-आलाप असतात, आणि एकेका अभंगाला वेळ मिळतो. म्हणून ते जास्त हलवून सोडतं. जाण्याआधी मंडळाच्या प्रमुखांना दोन वाक्यं सांगून ठेवा: "मी मागे बसणार आहे. मध्येच उठलो तर मागे कुणाला पाठवू नका." एवढ्यानं पुष्कळ अवघडलेपण टळतं.

बसायचं मागच्या रांगेत, दाराच्या बाजूला. हातात टाळ घ्यायचा. टाळ वाजवणाऱ्याला गावंच लागतं असं नाही, पण हात तालात अडकलेला राहतो आणि मन भरकटलं तरी समेला परत येतं. गळा मोकळा झाला की ध्रुपद धरायचं. बुवा चरण म्हणतात आणि बाकीचे फिरून फिरून ध्रुपद उचलतात, ही भजनाची रचना दुःखी माणसाच्या फार उपयोगाची आहे. तुमचा आवाज मध्येच फुटला तर शेजारचे दहा आवाज ती ओळ पुरी करतात. पुढच्या आवर्तनात तुम्हाला पुन्हा त्यात शिरता येतं. थांबलं म्हणून काही बिघडत नाही, आणि कुणी वळून पाहतही नाही. घरात तुमच्या भरवशावर सगळे उभे असतात. इथं तासभर तरी तुम्ही दुसऱ्यांच्या भरवशावर असता.

श्वासाचंही तसंच आहे. लांब ओळ म्हणताना श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि त्यानं शरीर हळूहळू निवत जातं. समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके गाताना एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात, असं स्वीडनमधल्या गोटेन्बर्ग विद्यापीठातल्या संशोधकांना २०१३ साली आढळलं. आपल्या टाळकऱ्यांना हे कुणी मोजून सांगायची गरज नव्हती, पण मोजलेलं आहे हे माहीत असलेलं बरं.

एक तांत्रिक गोष्ट. रडून रडून आणि जागरणानं गळा आवळलेला असतो. नेहमीच्या पट्टीत वरचा सूर लागणार नाही, आणि तो फाटला की तिथंच रडू फुटतं. पेटीवाल्यांना सांगून पट्टी खाली घ्या. त्यात कमीपणा नाही.

आणि सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे त्याचा किंवा तिचा आवडता अभंग. दर घरात असा एखादा असतोच. मंडळी प्रेमानं म्हणतात, "दादांचा तो अभंग तुम्हीच म्हणा." पहिले काही महिने नाही म्हणा. तो अभंग दुसऱ्या कुणाला म्हणू द्या. तुम्ही नुसते ऐका. मग ध्रुपदात सामील व्हा, मग एखादा चरण घ्या. संपूर्ण अभंग एकट्यानं म्हणण्याचा दिवस येईल. नाही आला तरी तो अभंग मंडळात जिवंत राहतोच.

रात्रीचा पहारा

भावंड गेल्यावर झोपेचं गणित पार बिघडतं. रात्री दोन-तीनला जाग येते आणि पुढे डोळा लागत नाही. त्या वेळेला फोन तरी कुणाला करणार? आपल्याकडे यावर एक जुनी सोय आहे. गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि रात्रंदिवस पहारे लागलेले असतात, बहुतेक ठिकाणी दोन-दोन तासांचे. दिवसाच्या पहाऱ्यांना माणसं मिळतात. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला मिळत नाहीत. तो पहारा मागून घ्या.

तिथं गायनाचं कौशल्य लागत नाही. वीणा गळ्यात घालून उभं राहायचं आणि नाम घेत राहायचं. सोबत एक-दोन टाळकरी असतात, बाकी मंडप झोपलेला. जी जाग घरात छळते ती इथं कामाला येते. तुम्ही उभे आहात म्हणून सप्ताह खंडत नाही, आणि ही गोष्ट पोकळ झालेल्या माणसाला फार आधार देते. पहाटे काकड्याला लोक येऊ लागतात, तोवर वीणा दुसऱ्याकडे देऊन घरी आलात की दोन तास झोप लागते. माझ्या माहितीतल्या काही जणांना बऱ्याच काळानंतर लागलेली ती पहिली गाढ झोप होती. तब्येत साथ देत नसेल, रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असेल, तर मात्र जागरणाचा अट्टहास करू नका. संध्याकाळचा पहारा घ्या.

त्याचा पखवाज, तिची जागा

गेलेलं भावंड त्याच मंडळात असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. त्याची जागा रिकामी दिसते. त्याचा पखवाज घरात खुंटीला असतो. तेराव्याच्या आत तो कुणाला देऊन टाकू नका. त्या दिवसांत माणूस एक तर सगळं वाटून टाकतो, नाही तर काहीच हलू देत नाही. दोन्ही निर्णय पुढे बोचतात. काही काळ थांबा. पण वाद्य बंद खोलीत वर्षानुवर्षं ठेवू नका. न वाजवलेल्या पखवाजाच्या वाद्या ढिल्या पडतात, पुडीला पावसाळ्यातली दमट हवा लागते, धुमेला जुनी कणीक वाळून राहिली असेल तर कातडं खराब होतं. निदान कणीक खरवडून, पुसून, खोळीत घालून ठेवा. मंडळातल्या एखाद्या जाणत्या वादकाला अधूनमधून वाजवायला सांगा. घरातलं पोर शिकू लागलं तर उत्तमच, पण "काकांची गादी चालव" असं त्याच्या डोक्यावर बसवू नका.

आवाजाची ध्वनिमुद्रणं असतील तर ती आधी दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. ऐकण्याची घाई नाही. फोन बदलताना असे आवाज कायमचे गेलेले मी पाहिले आहेत.

मंडळातल्यांनी काय करावं

हा भाग बुवांसाठी, टाळकऱ्यांसाठी, महिला मंडळांतल्या ताई-काकूंसाठी. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ किंवा बहीण गेली असेल तर त्या माणसाला "कधीही ये" असं सांगू नका. कधीही म्हटलं की माणूस येत नाही. "गुरुवारी साडेआठला तुझा टाळ काढून ठेवतो" असं सांगा, आणि खरंच काढून ठेवा. नाही आला तर विचारपूस करा, पण जाब विचारू नका. भजन संपल्यावर चहाच्या वेळी गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव टाळलं की दुःख हलकं होईल असं आपल्याला वाटतं. भावंडाला मात्र तेच नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

मृत्यू कसा झाला याची चर्चा मंडळात होऊ देऊ नका. आत्महत्या, दारू, अपघात, असं काही असेल तर विशेषच. आणि पहिल्या वर्षी त्या माणसाला भजन स्पर्धेच्या किंवा डबलबारीच्या तयारीत ओढू नका. तिथं चुकीला माफी नसते, आणि या काळात चुका होणारच.

राखी पौर्णिमा आणि भाऊबीज हे दोन दिवस कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा. त्या संध्याकाळी मंडळातल्या दोघी-तिघींनी भाऊ गमावलेल्या बहिणीच्या घरी जाऊन हरिपाठ म्हटला तरी पुरे. ओवाळणीचं ताट काढायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

विठ्ठलाचंच मंडळ हवं असं नाही

मराठी ख्रिस्ती मंडळीत नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला वंदना होते, भीमगीतंही गायली जातात. जे तुमचं असेल तिथं जा. तरुण भावंडांना ढोल-ताशा पथकात बरं वाटतं, कारण तिथं बोलावं लागत नाही आणि अंगातली आग बाहेर पडते. पण पथक गणपतीपुरतं असतं आणि त्यात शब्द नसतात. पुढे कधी तरी शब्दांची गरज लागते.

परदेशात असाल आणि अंत्यविधीला पोहोचता आलं नसेल, तर एकट्यानं गाणी ऐकत बसण्यापेक्षा तिथल्या महाराष्ट्र मंडळात भजनाचा गट आहे का बघा. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. गावच्या मंडळात व्हिडिओ कॉलवरून सामील होणार असाल तर एक लक्षात घ्या: आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे टाळ कधीच जुळणार नाही. तुमच्याकडचा माइक बंद ठेवा आणि त्यांच्याबरोबर मोकळ्या गळ्यानं म्हणा. शेवटी आरतीनंतर माइक सुरू करून दोन शब्द बोला.

एवढ्यानं भागत नसेल तर

भजन औषधाची जागा घेत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाणं थांबलं, दारू वाढली, किंवा आपणही त्याच्या मागे जावं असे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोनला पैसे लागत नाहीत, चोवीस तास कुणी तरी असतं आणि मराठीतून बोलता येतं. सहा महिन्यांहून जास्त काळ दुःखाची धार जराही कमी होत नसेल आणि रोजचं जगणं अडून बसलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला उपचारांची गरज असलेला आजार म्हटलेलं आहे. गोळ्या चालू असतानाही भजनाला जाता येतं. हे मंडळात कुणाला सांगायची गरज नाही.

वर्षश्राद्धाची रात्र

पहिल्या वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवायचं की भजन, यावर घरात चर्चा होते. कीर्तनकार बाहेरगावचे असतील तर गेलेल्या माणसाविषयी त्यांना नीट सांगा, नाही तर ठरीव दृष्टान्तांत तुमचं माणूस हरवतं. मला स्वतःला घरच्या मंडळाचं भजन जास्त योग्य वाटतं. खर्च कमी होतो, आणि म्हणणाऱ्यांनी त्या माणसाला पाहिलेलं असतं.

अभंगांची यादी तुम्ही करा. आईला विचारा, वहिनीला विचारा, पण शेवटचा शब्द भावंडाचा असू द्या, कारण त्याला काय आवडायचं हे लहानपणापासून तुम्हालाच माहीत आहे. सगळे अभंग वैराग्याचे घेऊ नका. एखादी गवळण हवी. तो हसरा माणूस असेल तर भारूडही हवं, आणि त्या वेळी लोक हसले तर हसू द्या. नव्या मुलांना दोन अभंग द्या. भैरवी कुणी म्हणायची ते आठ दिवस आधी ठरवा. तुम्ही म्हणणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे दुसऱ्याला तयारीला वेळ मिळेल. म्हणणार असाल तर पट्टी आधी लावून बघा आणि शेजारी ध्रुपद धरायला खणखणीत आवाजाचे दोघे बसवून घ्या.